हायलक्स फोर बाय फोर: चिखलात दणकट, कोरड्या डांबरावर मात्र एच२ मध्येच (फक्त मागच्या चाकांना पॉवर) चालवा

टोयोटा हायलक्सला २.८ लिटर डिझेल इंजिन आहे. मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, शिवाय मागच्या डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाला) लॉक. चिखलात, वाळूत, निसरड्या कच्च्या चढावर ताकद कमी पडत नाही. पण ही पार्ट-टाइम सिस्टीम आहे, म्हणजे चारही चाकांची पॉवर गरजेपुरतीच लावायची; पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नाही. गाडी घेणाऱ्याने हे आधी नीट समजून घ्यावं.

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ कापतात. एच४ मध्ये (चारही चाकांना पॉवर) ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे पॉवर वाटणारी गिअरपेटी, मात्र पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरवते. चिखलात टायर जरासा घसरतो आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो घसरत नाही. सगळा पीळ शाफ्ट, जॉइंट आणि गिअरमध्ये साठतो. ३,०८५ मिमी व्हीलबेस असल्याने पार्किंगच्या वळणात लगेच कळतं: स्टीअरिंग जड होतं, गाडी अडखळत उड्या मारते, टायर कुरकुरतात. असंच रेटलं तर टायर झिजतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो.

मोड बदलायचा नॉब एच२ वर आणूनही फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत राहिला, तर पीळ सुटलेला नाही. स्टीअरिंग सरळ धरून काही मीटर मागे-पुढे घ्या. एच२-एच४ चालत्या गाडीत बदलता येतं. एल४ साठी (चारही चाकांना पॉवर, कमी वेगाचा गिअर) पूर्ण थांबून न्यूट्रल हवाच.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावरही पीळ चढतो. रोज हायवेवर चारही चाकांना पॉवर हवी असेल, तर सेंटर डिफरन्शियलवाली गाडीच बघा.