एम.डेस, बूटकॅम्प की घरी बसून फिग्मा? यूएक्समध्ये शिरायचं असेल तर

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर मावसबहिणीने विचारलं, "दादा, मी टेस्टिंग सोडून यूएक्समध्ये येऊ का? आणि यायचंच तर क्लास लावू की सरळ एम.डेस करू?" (यूएक्स म्हणजे ॲप किंवा वेबसाइट वापरणाऱ्याला सोपी जावी अशी घडवायचं काम, एम.डेस म्हणजे डिझाइनमधली मास्टर्स.) ती नाशिकची, इंजिनियरिंग झालेलं, हिंजवडीला तीन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग, बँकेत दोनेक लाख शिल्लक. मी चकली तोंडात असल्याचं निमित्त करून "सांगतो" म्हणालो, कारण उत्तर एका वाक्यात बसणारं नव्हतं. हे ते लांबलेलं उत्तर. मी नऊ वर्षं या कामात आहे आणि मधली बरीच वर्षं ज्युनियर पोरांचे पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचे नमुने, चाळायचं काम माझ्याच गळ्यात होतं, त्यामुळे मतं जरा ठाम आहेत, सांभाळून घ्या.

सगळे तुलना करतात ती फी किती, महिने किती आणि सर्टिफिकेट कोणाचं. मी दोनच गोष्टी बघतो: तुमचं काम समोर बसून फाडून काढणारं कोणी मिळणार आहे का, आणि तुमचे कोणी नातलग नसलेले खरे युजर (वापरणारे लोक) मिळणार आहेत का. स्क्रीन काढायला तर तिन्हीकडे शिकवतात, फिग्मा हे स्क्रीन काढायचं टूल दोन महिन्यांत हातात बसतं आणि त्याचा फुकट प्लॅन शिकायला पुरतो. टूलवर पैसे घालवू नका असं मी सांगतो त्याला कारण आहे, काही वर्षांपूर्वी निम्मे कोर्स ॲडोबी एक्सडी या तसल्याच टूलवर चालायचे, मग सप्टेंबर २०२२ मध्ये ॲडोबीने फिग्मा २० अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा मोडला, पण तोवर एक्सडी जवळजवळ बासनात गेलं होतं. ज्यांना फक्त एक्सडी येत होतं ते पुन्हा पहिलीत.

आता एम.डेस. आपल्या भागात पहिलं नाव येतं पवईच्या आयडीसीचं, म्हणजे आयआयटी मुंबईचं डिझाइन स्कूल, १९६९ चं. तिथे इंटरॅक्शन डिझाइनचा दोन वर्षांचा एम.डेस आहे. त्यासाठी सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती जानेवारीत होते, स्कोअर एकच वर्ष चालतो, वयाची अट नाही. इंजिनियरिंगवाल्यांची पंचाईत होते पार्ट बी मध्ये, तिथे हाताने चित्र काढायचं असतं आणि कल्पना कागदावर मांडायच्या असतात, एमसीक्यूच्या सवयीने तिथे भागत नाही. माझ्या ओळखीतले दोघं पहिल्या वर्षी इथेच आपटले, कारण "आपल्याला काय शाळेची चित्रकला येत होतीच की" म्हणून गेले होते.

पण आत गेलात की जे मिळतं ते दुसरीकडे विकत मिळत नाही, ज्यूरी. दर काही आठवड्यांनी सगळ्यांसमोर काम लावायचं आणि चार प्राध्यापक शांतपणे विचारतात की हे असंच का. शेजारी आर्किटेक्ट बसलेला, जे.जे.चा अप्लाइड आर्टवाला बसलेला, त्यांची नजर फुकटात मिळते. (विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो मंगल फॉन्ट वाचला तो करणारे र. कृ. जोशी आयडीसीतच शिकवायचे, हे तिथे गेल्यावर कोणीतरी सांगतंच.) तोटा उघड आहे, दोन वर्षं पगार नाही, आणि जागा मोजक्या. घरी कर्जाचा हप्ता चालू असेल तर हा मार्ग कितीही चांगला असला तरी तुमचा नाही. खासगी डिझाइन कॉलेजांची फी वेगळ्याच आकड्यात असते, तिथे मागच्या दोन वर्षांत पास झालेल्यांशी स्वतः बोलल्याशिवाय चेक फाडू नका.

बूटकॅम्पचं, म्हणजे काही महिन्यांच्या झटपट कोर्सचं, उलट. प्रवेश सोपा, तीन ते नऊ महिने, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार, फी काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आणि वर ईएमआय. चांगले आहेत, नाहीत असं नाही. शिस्त लागते, बरोबरची बॅच मिळते, ज्याला एकट्याने अभ्यास होतच नाही त्याच्यासाठी एवढ्यावरही पैसे वसूल. पण मेंटर म्हणजे दिवसभर दुसरीकडे नोकरी करून रात्री नऊला झूमवर येणारा माणूस, त्याच्यामागे पंचवीस जण, तुमच्या वाट्याला आठवड्याला दहा मिनिटं, मग फाडून काढणार कोण आणि कधी. आणि युजर? युजर म्हणजे बॅचमधलीच पोरं, एकमेकांचे गुगल फॉर्म भरणारी. एकदा माझ्याकडे एकाच बॅचचे सात-आठ पोर्टफोलिओ लागोपाठ आले, सगळ्यांत झाडांना पाणी घालायची आठवण करणारं ॲप आणि सगळ्यांत नमुन्याची युजर म्हणून तीच ती काल्पनिक रिया, वय २४, मुंबई, कॉफी आवडते, वेळ नाही. चौथ्या रियाला मी लॅपटॉप मिटला, त्यात पाचवा पोरगा कदाचित खरंच चांगला असेल, त्याचं नुकसान झालं. पैसे भरायच्या आधी विचारा की एका मेंटरमागे किती जण, प्रोजेक्ट कोण निवडतं, आणि "प्लेसमेंट गॅरंटी"च्या अटी लिहून द्या म्हणा. अटी वाचल्यावर बरीच गॅरंटी विरघळते.

घरी बसून शिकणं सगळ्यात स्वस्त. गुगलचं यूएक्स सर्टिफिकेट २०२१ पासून कोर्सेरावर आहे, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत, आयडीसीच्या लोकांनी उभा केलेला डीसोर्स नावाचा खजिना आहे जो आपल्याच लोकांना माहीत नसतो, सोप्या स्क्रीनसाठीचे याकोब नील्सनचे १९९४ चे दहा नियम एका संध्याकाळी वाचून होतात आणि पुढची दहा वर्षं उपयोगी पडतात. माहितीची कमतरता अजिबात नाही. कमी आहे ती "हे चुकलंय" म्हणणाऱ्या माणसाची. एकटा शिकणारा सहा महिने चुकीच्या दिशेने फार मन लावून चालतो. उपाय एकच, महिन्यातून एकदा तरी कुठल्यातरी सीनियर डिझायनरला काम दाखवायचं, "कसं वाटलं" असं न विचारता "कुठे अडकलात" असं विचारायचं.

मावसबहिणीने न मोजलेला चौथा मार्ग तिच्या खुर्चीखालीच होता. ती टेस्टर आहे! लोक कुठे अडकतात हे तिच्याइतकं कोणाला माहितीये? सपोर्टला येणाऱ्या तक्रारी तिच्यासमोरून जातात, "हा बग नाही, युजरला कळलं नाही" म्हणून बंद केलेली तिकिटं तर शेकड्यांनी असतील, आणि यूएक्सचं काम नेमकं त्या बंद तिकिटांत असतं. डेव्हलपर, टेस्टर, सपोर्ट, बिझनेस ॲनालिस्ट यांच्यापैकी कोणी असाल आणि कंपनीत डिझायनर असतील तर आधी आतून बघा, त्यांच्या युजर टेस्टला मागे बसून नोट्स घेऊ का एवढंच विचारा. फाडून काढणारा माणूस शेजारच्या डेस्कवर, युजर खरे, आणि पगार चालू. अडचण एकच, एनडीएमुळे (कंपनीशी केलेल्या गुप्ततेच्या करारामुळे) हे काम जसंच्या तसं बाहेर दाखवता येत नाही, त्यावर पुढे येतो.

पोर्टफोलिओत टाकायचं काय, हा दुसरा चौक. मोठ्या प्रसिद्ध ॲपचं रीडिझाइन की छोटं, खरं, कोणाला माहीत नसलेलं काम?

माझा पहिला पोर्टफोलिओ एका जेवण मागवायच्या ॲपचं रीडिझाइन होता. दिसायला झकास. इंटरव्ह्यूला बाईंनी एवढंच विचारलं, "हे बटण त्यांनी आधी इथे का ठेवलं असेल?" मला काही सांगता येईना. त्या कंपनीचा डेटा माझ्याकडे नव्हता, त्यांच्या अडचणी माहीत नव्हत्या, मी फक्त रंगरंगोटी केली होती. रीडिझाइनचा फायदा हा की हात सुटतो, व्हिज्युअल कौशल्य दिसतं, एजन्सीत किंवा यूआयच्या, म्हणजे स्क्रीनच्या दिसण्याच्या, कामाला जायचं असेल तर एखादं असू दे. पण यूएक्सच्या नोकरीसाठी तोच मुख्य प्रोजेक्ट असेल तर मी तो बाजूला ठेवून पुढचा पोर्टफोलिओ उघडतो.

मावसबहिणीला मी म्हटलं, तुमच्या कॉलनीतले ते काका पतसंस्थेचे पिग्मी एजंट आहेत ना, दोन शनिवार त्यांच्यामागे फिर. ती फिरली. आणि जे घेऊन आली ते मला कुठल्या बूटकॅम्पच्या प्रोजेक्टात दिसलं नव्हतं. ॲपमध्ये खातेदार खाते नंबरने लावलेले, काका फिरतात ते गल्लीने, म्हणजे प्रत्येक दुकानासमोर सर्च. चहावाला रोज पन्नासच देतो, तरी रोज पाच-शून्य टाइप करायचं, तेही एका हातात पिशवी आणि डोक्यावर ऊन, स्क्रीन दिसत नाही. भाजी मार्केटच्या तळघरात नेटवर्क नाही. मध्येच कोणीतरी "आज नको काका, उद्या दोनशे घ्या" म्हणतं, त्याची नोंद ॲपमध्ये नाहीच, ती काकांच्या डोक्यात. आणि एसएमएस येत असूनही दुकानदार जुन्या कार्डावर सही मागतात कारण विश्वास सहीवर आहे.

तिने पहिलं डिझाइन केलं, "कालचीच रक्कम" असं मोठं हिरवं बटण, एका टॅपमध्ये काम. मलाही आवडलं होतं. काकांनी बघितलं आणि नको म्हणाले. खिशात चुकून दाबलं गेलं तर संध्याकाळी हिशोबात येणारी तूट त्यांच्या खिशातून जाते! मग रक्कम आधीच भरलेली, पण पुढे जायच्या आधी दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात आणि होकार, असं झालं. अजून एक गंमत, सबमिट बटणाचं मराठी तिने "जमा करा" केलं होतं. पैसे जमा करायच्या ॲपमध्ये! काका विचारतात, म्हणजे पैसे गेले का फक्त फॉर्म गेला? तिने ते बदलून "पावती करा" केलं. ही एक ओळ तिच्या पोर्टफोलिओतली सगळ्यात भारी ओळ आहे असं माझं मत आहे, आणि ही तुम्हा-आम्हालाच सुचणार, फक्त इंग्रजी स्क्रीन करणाऱ्याला नाही. मराठी स्क्रीन केलीत तर बाकीचंही बघा, ओळींमधलं अंतर कमी पडलं की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, आणि काही फॉन्टांत भाषा मराठी अशी सांगितल्याशिवाय ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंगांनाही वापरता येणं, पण धरा. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल ॲक्सेस हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं, प्रकरण होतं केवायसीत डोळे मिचकावून दाखवा म्हणणाऱ्या स्क्रीनचं, ज्या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना आणि अंधांना पार करता येत नव्हत्या. बँका आणि फिनटेकवाले आता हे विचारतात. साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक) निदान ४.५ ला १ आहे का एवढं तरी तपासून केस स्टडीत (प्रोजेक्टच्या लिहिलेल्या गोष्टीत) लिहा, उन्हातल्या काकांनाही तेच लागतं.

पोर्टफोलिओ ठेवायचा कुठे, यावर लोक विनाकारण महिने घालवतात. बिहान्स ही डिझायनरांनी काम मांडायची साइट दिसायला छान पण मोठ्या चित्रांच्या नादात विचार हरवतो. स्वतःची साइट असली तर उत्तम, फ्रेमर या साइट बनवायच्या टूलवर आठवड्यात होते, आणि एनडीएचं काम तिथे पासवर्डमागे ठेवता येतं, म्हणजे कंपनीने परवानगी दिली असेल तर, आणि तेव्हाही नाव-लोगो-आकडे काढून. परवानगी नसेल तर स्क्रीन नकोच, फक्त तुम्ही काय केलंत ते शब्दांत सांगा. पीडीएफ जुनाट वाटते, पण एचआर ती पुढे ढकलते आणि मी लोकलमध्ये मोबाइलवर उघडतो, तेव्हा पाच-सहा एमबीची एक असू द्याच. प्रोजेक्ट दोन किंवा तीन, आठ नको. "मी" आणि "आम्ही" वेगळं लिहा. आणि "कन्व्हर्जन (बघणाऱ्यांपैकी काम पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण) ४० टक्के वाढलं" असं काहीही मोजल्याशिवाय लिहू नका, पुढचा प्रश्न "कसं मोजलं" हाच असतो आणि तिथे भले भले पाणी पितात.

तिने नोकरी सोडलेली नाही. बूटकॅम्पचे पैसे तसेच आहेत, ऑफिसच्या दोन युजर टेस्टना मागे बसून आली, आणि सीडचे फॉर्म साधारण ऑक्टोबरमध्ये येतात तेव्हा भरणार आहे, तोवर रोज स्केचिंग. एम.डेस मिळालं तर जाईल, नाही मिळालं तर आतून बदली मागणार. अडचण वेगळीच झालीये, काका दर शनिवारी विचारतात, "पोरी, ते तुझं ॲप कधी येतंय?"