विग्दिसबाईंच्या मागे अडीच तास: रेक्याविकची एक पायी सहल

आधी पैशाचं सांगते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. आइसलँडच्या राजधानीतल्या या सहलीला माणशी साडेनऊ हजार क्रोना, आपले सहा हजार रुपयांच्या वर. त्यात अडीच तासांची पायपीट आणि मध्ये एकदा सिटी बस, तीही स्वतःच्या खर्चाने. चहाचा घोटसुद्धा नाही. लेक म्हणाली, "आई, एवढ्या पैशात आपण देवमासे बघून येऊ." मी म्हटलं, तू बघ देवमासे, मला विग्दिसबाई बघू दे.

कारण घरगुती आहे. मी पुण्यात ३१ वर्षं फ्रेंच शिकवलं, आणि विग्दिस फिनबोगादोत्तिर याही मूळच्या फ्रेंचच्या बाई. १९८० साली आइसलँडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकांनी थेट मतं देऊन निवडलेली जगातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष. आपल्या प्रतिभाताई २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, पण त्यांना आमदार-खासदारांनी निवडलं. विग्दिसना मच्छीमारांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांपुढे उभं राहून मतं मागावी लागली.

सहलीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार त्यांच्या ऑफिसला मेलवर कळवली आहे, तेवढं पुरे.

सुरुवात गावातल्या तळ्याकाठी. गाईड विशीतली मुलगी, युनिव्हर्सिटीत शिकणारी. तिने पहिली दहा मिनिटं फक्त नावावर घालवली, आणि तीच मला सगळ्यात आवडली. फिनबोगादोत्तिर हे आडनाव नाही, 'फिनबोगीची मुलगी' एवढाच त्याचा अर्थ. तिथे बहुतेकांना आडनावच नसतं. टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाने लावलेली असायची. त्यामुळे राष्ट्राध्यक्षबाईही सगळ्यांना नुसत्या 'विग्दिस'. मी सांगितलं, आम्हीही वडिलांचं नाव लावतो, पण ते मध्ये बसवतो आणि लग्नानंतर पुष्कळदा ते काढून तिथे नवऱ्याचं घालतो. मुलगी थांबलीच. "काढून?" तिने पुन्हा विचारलं. मी विषय बदलला.

तळ्याला लागूनच इद्नो नावाची जुनी लाकडी इमारत आहे. रेक्याविकच्या नाटक कंपनीचे प्रयोग १८९७ पासून कित्येक दशकं इथे झाले. विग्दिस १९७२ ते १९८० या कंपनीच्या प्रमुख होत्या. म्हणजे तिकीटविक्री, नटांचे रुसवेफुगवे, खर्चाची तोंडमिळवणी हे सगळं करून मग ही बाई देश सांभाळायला गेली. आपल्याकडच्या कुठल्याही नाट्यनिर्मात्याला विचारा, याहून चांगली तालीम नाही. त्याआधी फ्रान्समध्ये ग्रनोबल आणि सोरबॉनला शिक्षण, मग शाळेत फ्रेंचचे तास आणि सरकारी टीव्हीवर फ्रेंचचे धडे. लोकांना चेहरा ओळखीचा झाला तो या धड्यांमुळे. गाईडने याला एक वाक्य दिलं. माझ्या मते इथे पंधरा मिनिटं हवी होती, पण मी मास्तरीण, माझं मत बाजूला ठेवा.

पुढे संसदेच्या चौकातून लाइक्यारतोर्ग नावाच्या चौकात आलो. इथे मुलगी रंगात आली. २४ ऑक्टोबर १९७५, आइसलँडच्या बायकांनी एक दिवस कामच केलं नाही. नोकरी नाही, स्वयंपाक नाही, पोरं नाहीत. दहातल्या नऊ जणी सामील झाल्या. तेव्हाची देशाची वस्ती सव्वादोन लाखांच्या आतबाहेर, त्यातल्या पंचवीसेक हजार बायका या एका चौकात. पुरुष पोरांना घेऊन ऑफिसला गेले, आणि झटपट शिजणारे सॉसेज दुकानांतून संपले. पाच वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी बाई का नको, हा प्रश्न निघाला, त्याची मुळं या दिवसात.

त्या वेळी विग्दिस पन्नाशीच्या. घटस्फोटित. एकट्या बाईला मूल दत्तक मिळण्याची पद्धत नसताना १९७२ मध्ये मुलगी दत्तक घेतलेली. शिवाय कॅन्सरमुळे एक स्तन काढलेला. प्रचारात एकाने त्यावरून भरसभेत खोचक प्रश्न टाकला, तर बाईंनी सांगितलं की राष्ट्राला अंगावर पाजायचा माझा विचार नाही. आमचा घोळका खो खो हसला. मला हसू आलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं हेच ऑपरेशन १९९१ साली झालं. घरात आम्ही 'ताईचं ते' म्हणायचो आणि पाहुणे आले की तेही नाही. त्याच्या अकरा वर्षं आधी एक बाई हे व्यासपीठावर बोलून निवडून आली, हे ऐकून मी जरा वेळ मागेच चालले.

निकालही काठावरचा. समोर तीन पुरुष, बाईंना मतं जेमतेम ३४ टक्के, दुसऱ्या क्रमांकापेक्षा दीड टक्काच जास्त. तिथे दुसरी फेरी नसते, म्हणून जिंकल्या. १९८४ ला बिनविरोध, १९८८ ला ९० टक्क्यांच्या वर, १९९२ ला पुन्हा बिनविरोध. सोळा वर्षं. गाईडची आई त्या काळात शाळेत होती. तिला खरंच वाटायचं की हे पद बायकांचंच असतं.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. ही टूर निकालाच्या रात्री संपते. बाई जिंकल्या, टाळ्या, मग बसने होव्दी. समुद्रावरचं ते पांढरं घर, जिथे १९८६ च्या ऑक्टोबरात रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले. सगळ्यांनी फोटो काढले. (घर १९०९ मध्ये फ्रेंच वाणिज्यदूतासाठी बांधलेलं. हे मी सांगितलं, गाईडने नाही.) पण सोळा वर्षं बाईंनी केलं काय? १९८५ मध्ये, त्याच २४ ऑक्टोबरला, हवाई सुंदऱ्यांचा संप मोडणारा कायदा सहीसाठी आला. बाईंनी बायकांचा दिवस म्हणून तो काही तास अडवला आणि शेवटी सही केली. १९९३ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारावर सार्वमत घ्या म्हणून हजारो सह्या आल्या, तरी बाईंनी सही केली. तिथल्या राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष कायदा अडवून लोकांकडे पाठवू शकतो. तो अधिकार पहिल्यांदा वापरला त्यांच्यानंतर आलेल्या ओलाफुर राग्नार ग्रिमसन यांनी, २००४ मध्ये. बाईंनी का नाही वापरला? मी विचारलं. उत्तर आलं, "हे आमच्या स्क्रिप्टमध्ये नाही." मुलीचा दोष नाही, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने बाईंना देव्हाऱ्यात बसवलंय.

भाषेचंही तसंच. बाईंनी सोळा वर्षं आइसलँडिक भाषा लावून धरली, पुढे युनेस्कोच्या भाषादूत झाल्या, युनिव्हर्सिटीत त्यांच्या नावाचं भाषाभवन २०१७ मध्ये उघडलं. सहलीच्या पत्रकात ते होतं. आम्ही गेलो रविवारी, दाराला कुलूप. रविवारी बंद असतं हे कंपनीला ठाऊक नको? पैसे परत मागितले, अजून उत्तर नाही. बंद दारासमोर उभं राहून मुलीने दोन शब्द मात्र छान सांगितले: टेलिफोनला 'सिमी', म्हणजे जुन्या भाषेतला 'धागा'. कॉम्प्युटरला 'तोल्वा', आकडा आणि भविष्य सांगणारी बाई हे दोन शब्द जोडून. मी तिला सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले, देवनागरी मला काढायला लावून.

शेवटी बंदराजवळच्या प्रसिद्ध गाडीवर सॉसेज, स्वखर्चाने. मुख्यतः मटणाचं असतं, वर तळलेला आणि कच्चा असा दोन्ही कांदा. आम्ही सीकेपी, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. ७५ साली बापांनी काय खाऊ घातलं असेल ते तरी कळलं.

पाचापैकी तीन. मुलीला साडेचार, स्क्रिप्टला दीड. जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या वारी जा आणि भाषाभवन उघडं आहे का ते आधी स्वतः बघा. जुलैतसुद्धा कानटोपी हवी. छत्री नेऊ नका, तिथला वारा ती उलटी करतो. माझी तळ्याकाठच्या कचरापेटीत आहे.