मॉरिशसमध्ये एकच सकाळ हाती असेल तर: तामारिनचे डॉल्फिन की इल ओ एग्रेतची कासवं?

मॉरिशसला सहकुटुंब निघालेली मंडळी हमखास विचारतात, "मुलांना प्राणी दाखवायचेत आणि बोटीतही बसायचंय, मग कोणती ट्रिप घेऊ?" तिथे हॉटेलच्या काउंटरवर पत्रकांची चळत हातात पडते आणि जवळजवळ प्रत्येकावर उडी मारणारा डॉल्फिन असतो. पण घरात लहान मूल आणि सत्तरीतली आजी असेल, तर खरी निवड दोनच सहलींमधली आहे. पश्चिम किनाऱ्यावर तामारिनच्या खाडीतली डॉल्फिनची सकाळ, नाहीतर आग्नेयेला माएबूरजवळचं इल ओ एग्रेत हे चिमुकलं बेट आणि त्याला जोडून ब्लू बेमधली काचेच्या तळाची बोट. आम्ही दोन्ही केल्या. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई.

आधी तामारिन. इथे येतात ते मुख्यतः स्पिनर डॉल्फिन. रात्रभर बाहेर खोल समुद्रात मासे आणि माकूळ खाऊन ते सकाळी उथळ, शांत खाडीत विश्रांतीला येतात. म्हणून बोटी पहाटेच निघतात. दिसण्याची शक्यता चांगली असते, आणि पहिली पंधरा मिनिटं आयुष्यभर लक्षात राहतील अशी होती. इंजिन बंद केल्यावर त्यांचा श्वास ऐकू येतो, 'फूः' असा छोटासा. एक पिल्लू आईच्या इतकं अंगालगत पोहत होतं की दोघांचे पाठीवरचे पर एकदमच पाण्याबाहेर यायचे. मुलगी कुजबुजत बोलायला लागली, जणू देवळात आलोय.

मग बाकीच्या बोटी आल्या. आठ-दहा तरी असतील. कळप जिकडे वळेल तिकडे सगळ्यांनी धाव घ्यायची, पुढून आडवं जायचं आणि "आता, आता, उडी मारा!" आमच्या बोटवाल्याचीही तीच घाई. मुलगी मास्क नीट बसण्याआधीच पाण्यात गेली, नाकातोंडात पाणी गेलं, रडत वर आली. डॉल्फिन केव्हाच खाली निघून गेले होते. ती त्यांची झोपेची वेळ असते, हे मला आधीच माहीत असतं तर मी तिला पाण्यात उतरूच दिलं नसतं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या उशाशी ढोल वाजवण्यासारखंच आहे ते.

तरीही डॉल्फिनच पाहायचे असतील तर बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगा, आम्ही बोटीतूनच बघणार, पाण्यात उतरणार नाही. सर्वांत आधी सुटणारी बोट घ्या. मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते निघण्याआधी डोळ्यांनी पाहून घ्या; मोठ्यांचं जॅकेट दोऱ्या आवळून लहान मुलाला घालणं कामाचं नाही. स्पीडबोटीचा पुढचा भाग लाटेवर आपटतो, त्यामुळे पाठीचा त्रास असणाऱ्यांनी मागच्या बाजूला बसावं. तिथे पेट्रोलचा वास येतो, पण कंबर वाचते. गरोदर बाईने या बोटीत बसूच नये असं मला वाटतं. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नाही. मुलांसाठी डॉक्टरांना विचारून.

कॅटामरान हा तिसरा पर्याय बरेचजण सुचवतात. बोट रुंद, हलते कमी, शौचालय असतं, ल मोर्नचा डोंगर समुद्रातून छान दिसतो. पण तो दिवसभराचा कार्यक्रम, आणि प्राणी त्यात तोंडी लावण्यापुरतेच. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, जेवण बहुतेक बार्बेक्यूचं असतं.

आता इल ओ एग्रेत. प्वांत जेरोमच्या धक्क्यावरून बोट निघते. बेट किनाऱ्यापासून किलोमीटरभरसुद्धा लांब नाही, मध्ये प्रवाळाच्या आडोशातलं शांत पाणी. सासूबाईंना दोन माणसांनी हात दिला आणि बसल्या. एवढाच काय तो बोटीचा त्रास.

बेट फक्त २६ हेक्टरचं आहे. १९६५पासून ते राखीव आहे, आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन तिथलं मूळचं किनारी जंगल पुन्हा उभं करतंय. मनासारखं भटकता येत नाही. गाइडबरोबर छोट्या गटात, साधारण दीड तास चालायचं. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं माणसांनी कधीच संपवली, म्हणून त्यांच्या जागी सेशेल्समधल्या आल्डाब्रा बेटांवरची कासवं इथे मोकळी सोडली आहेत. ती एबनीच्या झाडांची फळं खातात आणि बिया बेटभर पसरवतात, म्हणजे हरवलेल्या कासवांचं काम ही करतायत. १८७४ साली डार्विनसह काही शास्त्रज्ञांनी याच जातीला वाचवा म्हणून मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं होतं, हे वाचल्यावर मला त्या कासवांकडे बघताना वेगळंच वाटलं.

एक कासव पायवाटेतच बसलेलं होतं. मुलगी त्याच्यासमोर चार हात अंतरावर उकिडवी बसली. त्याने मान हळूहळू बाहेर काढली, सुरकुत्या एकेक करून उलगडत गेल्या, आणि समोरचं वाळलेलं पान करकर करत खाल्लं. पूर्ण पान. दहा मिनिटं तरी गेली असतील. कोणी घाई केली नाही, कोणी पळून गेलं नाही, आणि सासूबाईंनाही दगडावर बसून सगळं नीट दिसलं. परतताना टेलफेअरची सापसुरळी चपलेपर्यंत आली. गुलाबी कबूतरही दिसलं. १९९०च्या सुमारास जंगलात ही कबुतरं जेमतेम दहा उरली होती.

उणी बाजूही आहे. जमीन प्रवाळाच्या खडकाची, खडबडीत. मागून बंद असलेले बूट हवेत, व्हीलचेअर किंवा बाबागाडी जमणार नाही. डास चावतात. पोहणं नाही. दहा-बारा वर्षांच्या धडपड्या मुलाला दीड तास माहिती ऐकायचा कंटाळा येऊ शकतो, आणि अशा मुलासाठी डॉल्फिनचं पारडं जड होतं. जागा मर्यादित असल्याने बुकिंग आधीच करा.

पाण्याची हौस ब्लू बेमध्ये फिटते. ३५३ हेक्टरचं हे सागरी उद्यान प्वांत जेरोमपासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. काचेतून तळ नीट दिसायला ऊन डोक्यावर लागतं, म्हणून सकाळी बेट आणि दुपारकडे ब्लू बे हा क्रम बरोबर बसतो. समुद्र तापून प्रवाळ पांढरा पडल्याच्या खुणा दिसतील, ते मुलांना आधी सांगून ठेवलेलं बरं. पाण्यात उतरलात तर पायात रबरी बूट घाला, कारण या पाण्यात विषारी काट्यांचा दगडमासा असतो आणि तो खरोखर दगडासारखाच दिसतो.

ऋतूचंही पाहा. आपल्या मे-जूनच्या सुट्टीत तिथे हिवाळा लागतो आणि आग्नेयेचे वारे जोर धरू लागतात. पश्चिम किनारा तेव्हा आडोशाला असतो, पण पहाटे स्पीडबोटीत चांगलंच गारठायला होतं, मुलांना जॅकेट हवंच. ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीची सुट्टी, दोन्हींसाठी उत्तम. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ; तेव्हा बुकिंग रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का ते विचारूनच आगाऊ रक्कम द्या.

मुक्काम कुठे आहे यावरही बरंच ठरतं. फ्लिक-आँ-फ्लाकला राहणाऱ्यांना तामारिन शेजारीच, पण उत्तरेला ग्राँ बेला राहिलात तर डॉल्फिनसाठी मुलांना अंधारातच उठवावं लागेल. माएबूर विमानतळाला जवळ आहे. आम्ही पुढच्या वेळी रात्रीचं विमान घेणार आहोत, म्हणजे शेवटच्या दिवशी सामान गाडीत टाकून इल ओ एग्रेत आणि ब्लू बे करून थेट विमानतळावर जाता येईल. मुलीने त्या कासवाचं नाव 'आजोबा' ठेवलंय आणि ते अजून त्याच पायवाटेवर असेल याची तिला खात्री आहे.