अपेडा की पणन मंडळ: पुण्यातल्या निर्यातदाराने आधी कुठे जावं?

आंब्याचा पल्प बाहेर पाठवायचाय? मग अपेडाच, म्हणजे शेतमाल आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांची निर्यात बघणारी केंद्राची संस्था. आधी आयईसी (आयात-निर्यातीचा कोड क्रमांक), नंतर डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर आरसीएमसीचा, म्हणजे अपेडाकडच्या निर्यातदार नोंदणीचा अर्ज. ती ५ वर्षं चालते. आयईसी, पॅन, बँकेचा दाखला, तिन्हींवर फर्मचं नाव अगदी एकच हवं. ‘ट्रेडर्स’चं ‘ट्रेडिंग’ झालं तरी अर्ज लटकू शकतो. ही नोंदणी नसेल तर अपेडाच्या अनुदानाचं विसराच.

पण अपेडा तुमच्या पेट्यांना हात लावत नाही. तिथे गुलटेकडीचं राज्य कृषी पणन मंडळ कामाला येतं. अमेरिकेला ताजा हापूस पाठवायला किमान ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) विकिरण, म्हणजे किडीविरुद्ध फळांवर किरणांची प्रक्रिया लागते. ती सोय मंडळाच्या वाशी केंद्रात आहे. नवख्याने मंडळाचं निर्यात प्रशिक्षणही करावं. विकिरणाची वेळ मात्र फळ उतरवण्याआधी ठरवा. पिकायला लागलेला आंबा रांगेत थांबत नाही.