फुजी एक्स-टी३० कॅमेरा हातात नीट बसावा म्हणून काय काय लावून बघितलं – ग्रिप, थंब रेस्ट, पट्टा वगैरेचा रिव्ह्यू

एक्स-टी३० साठी ग्रिप घेऊ का असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, लेन्स कुठली लावतोस? कारण उत्तर तिथेच आहे. कॅमेऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही, २०१९ चा असला तरी २६.१ मेगापिक्सेलचा सेन्सर आजही मस्त चालतो, आणि बॅटरी-कार्ड धरून वजन फक्त ३८३ ग्रॅम. त्यावर एक्सएफ ३५ एफ/२ ही छोटी लेन्स लावली, म्हणजे १७० ग्रॅमची, तर काही म्हणजे काही लावायची गरज नाही, आहे तसा वापरा आणि पैसे वाचवा. १८-५५ झूम लेन्स लावली की ती ३१० ग्रॅम, आता बोटांना जाणवायला लागतं. आणि जुनी १६-५५ एफ/२.८ लावली तर ती एकटीच ६५५ ग्रॅम, म्हणजे कॅमेऱ्याच्या पावणेदोनपट, सगळं वजन पुढे, आणि तुमच्या उजव्या हातात धरायला काय, तर समोरचा तो बोटभर उंचवटा.

नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे कुठली वस्तू कशासाठी ते कळेल. बॉडीची उंची ८२.८ मिलिमीटर, त्यात दोन बोटं आरामात बसतात, करंगळी खाली घसरते आणि मग लोक ती तळाखाली दुमडून घेतात. ठीक आहे, चालतं. पण लेन्स जड असली की कॅमेरा पुढे झुकायला बघतो आणि त्याला अडवायचं काम मधलं बोट आणि अंगठा करतात, अंगठा मागून जोर लावतो, आणि मागे अंगठ्याच्या उंचवट्यावर नेमकं क्यू बटण आहे. म्हणजे जितकं घट्ट धराल तितकं ते बटण दाबलं जाणार आणि व्ह्यूफाइंडरमध्ये मेनू उघडणार, तोही नेमका क्लिक करायच्या वेळी. हे सगळ्यांचं होतं, फक्त मोठ्या हातांचं नाही, माझे हात तसे लहानच आहेत तरी वैताग यायचा. त्यात या बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरून घ्यायची सोय, नाही, म्हणजे जे काही स्थिर धरायचं ते हातानेच, नाहीतर लेन्समध्ये असेल तर तिच्या भरवशावर.

सगळ्यात आधी ग्रिप. फुजीची स्वतःची मेटल हँड ग्रिप आहे, एमएचजी-एक्सटी१०, नावात १० असलं तरी ती एक्स-टी१०, टी२० आणि टी३० तिन्हींना बसते. खाली एक धातूची पट्टी आणि समोर एक चांगला जाड उंचवटा, बस. ती लावली आणि पहिल्यांदा मधल्या बोटाची पेरं मागे वळून कशाला तरी अडकली, आधी ती नुसती सपाट भागावर दाबून असायची. हा फरक सांगून कळत नाही, हातात घेतल्यावर कळतो. मुठीत धरल्यासारखा कॅमेरा राहतो, बोटांच्या टोकांवर लोंबकळत नाही, आणि अंगठ्यावरचा जोर कमी झाल्यामुळे क्यू बटणाचा त्रास निम्मा तिथेच संपतो. तळाच्या पट्टीमुळे उंचीही थोडी वाढते, करंगळीला पूर्ण जागा मिळते असं मी म्हणणार नाही, पण कडेवर तरी टेकते.

या ग्रिपचा दुसरा फायदा मला जास्त मोठा वाटतो आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. टी३० चा ट्रायपॉडचा आटा लेन्सच्या रेषेत नाही आणि बॅटरीच्या झाकणाला अगदी चिकटून आहे. त्यामुळे साधी ट्रायपॉड प्लेट लावली की झाकण उघडत नाही, आणि कार्डही त्याच कप्प्यात, म्हणजे कार्ड काढायचं तरी प्लेट सोडवा, बॅटरी बदलायची तरी प्लेट सोडवा. एनपी-डब्ल्यू१२६एस बॅटरी काही दिवसभर पुरणारी नव्हे, तेव्हा हे काम वरचेवर येतंच. ग्रिपला खाली जागा मोकळी सोडलेली आहे, ती न काढता झाकण उघडतं, वर ट्रायपॉडचा आटाही लेन्सच्या बरोबर मध्ये येतो आणि पट्टीच्या कडा तिरक्या कापलेल्या आहेत त्यामुळे आर्का पद्धतीच्या, म्हणजे तिरक्या कडेची पट्टी पकडणाऱ्या, ट्रायपॉड हेडमध्ये ती थेट सरकते, वेगळी प्लेट नको. मी नुसत्या पकडीसाठी घेतली होती पण आता ट्रायपॉडसाठी म्हणून तरी ती काढणार नाही.

तोटे पण सांगते. धातू आहे, वजन वाढतं, थंडीत गार लागते. खालचा स्क्रू हळूहळू ढिला होतो, एकदम नाही, आणि ढिला झाला की ग्रिप अगदी केसभर हलते, ते हाताला आधी कळतं आणि मग डोक्यात जातं. अधूनमधून नाण्याने पिळून घ्यायची सवय लावा. आणि खिशात जाणारा कॅमेरा आता खिशात जात नाही, जॅकेटच्या पण नाही, हे धरून चला.

स्वस्तातल्या दुसऱ्या कंपन्यांच्या ग्रिप आणि एल-ब्रॅकेट (तळाच्या पट्टीला डावीकडे उभा भाग जोडलेला, कॅमेरा ट्रायपॉडवर उभा लावायला) पण भरपूर मिळतात, लाकडी मुठीवाल्या दिसायला फार देखण्या असतात. मी एक वापरलेली आहे, नाव घेत नाही. मूठ खरं तर फुजीच्यापेक्षा बरी होती, जास्त खोल, पण पट्टी बॉडीला जिथे टेकते तिथे रबर नव्हतं की काही नव्हतं, नुसता धातूवर धातू, आणि काही काळाने काढली तर तळाचा रंग दोन ठिकाणी घासून गेलेला. शिवाय बॅटरीचं झाकण उघडायचं पण पूर्ण नाही, कडेला अडकायचं, बॅटरी नखाने ओढून काढावी लागायची. म्हणून घेण्याआधी फोटोत तीनच गोष्टी बघा, आतून रबर किंवा कॉर्कचं अस्तर आहे का, झाकण पूर्ण उघडलेला फोटो दिलाय का (नसेल दिला तर समजून जा), आणि एल-ब्रॅकेट असेल तर डावा उभा भाग पोर्टच्या झाकणाला आड येतो का. उभे फोटो ट्रायपॉडवर काढत नसाल तर एल-ब्रॅकेटचा तो डावा भाग नुसता ओझं आहे, घेऊच नका.

आता थंब रेस्ट. हॉट शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅश लावायच्या खाचेत, सरकवायचा एक धातूचा तुकडा, त्याचा दांडा मागे उजवीकडे येतो आणि अंगठा त्यात अडकतो. एकदम साधी कल्पना आणि सपाट बॉडीच्या कॅमेऱ्यांवर ती जबरदस्त चालते. पण टी३० ला मध्ये व्ह्यूफाइंडरचं टेकाड आहे, हॉट शू त्या टेकाडावर, म्हणजे दांड्याला वरून खाली उतरून यावं लागतं, शटर स्पीडच्या डायलला वळसा घालून. त्यामुळे इथे चांगला आणि वाईट यातलं अंतर मिलिमीटरचं आहे. जो मी लावला त्याने अंगठा क्यू बटणापासून लांब राहिला, म्हणजे मूळ काम झालं. पण मागचा डायल फिरवायला अंगठा आता वाकवून न्यावा लागतो आणि कोपऱ्यातला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचा डायल, जो मी सगळ्यात जास्त वापरते, तो फिरवताना अंगठा दांड्याला घासतो. दुसरं, शू अडकला म्हणजे फ्लॅश नाही, लांबचा फ्लॅश उडवणारा ट्रिगर नाही. आणि तो शूमध्ये नुसता घर्षणावर बसलेला असतो, बॅगेतून काढताना त्यालाच धरून ओढलं तर हातात थंब रेस्ट आणि कॅमेरा बॅगेतच, असंही होऊ शकतं.

माझं मत, ग्रिप असेल तर थंब रेस्ट नको. ग्रिप नको असेल, कॅमेरा सडपातळच ठेवायचा असेल आणि लेन्स छोट्याच असतील तर थंब रेस्ट घ्या, पण बसवून बघता आला तर बघूनच घ्या. दोन्ही एकत्र लावले तर हात एकाच जागी जखडला जातो, मला तरी ते अजिबात आवडलं नाही.

शटरवरचं सॉफ्ट रिलीज बटण, ते छोटं लाल-पितळी गोल, सगळ्यांच्या फोटोत दिसतं ते. टी३० च्या शटर बटणात आटा आहे त्यामुळे स्क्रूवालं बसतं, चिकटवायची भानगड नाही. फायदा आहे का? आहे, थोडा. बोटाच्या टोकाऐवजी पहिल्या पेराच्या मांसल भागाने दाबता येतं, त्यामुळे हलक्या हाताने क्लिक होतं आणि कमी उजेडात थोडी मदत होते. आत वळलेलं, म्हणजे वाटीसारखं घ्या, फुगीर घेऊ नका, फुगीरवर अर्धं दाबून फोकस धरताना बोट घसरतं. आणि आट्यात छोटी रबरी रिंग घालायला विसरू नका, नाहीतर ते आपोआप उलगडत जातं आणि कधी पडलं ते कळतसुद्धा नाही. बॅगेत ठेवताना कॅमेरा बंद आहे ना बघा, उंच बटण कशालाही दाबलं जातं. एवढं करून सुद्धा ही वस्तू निम्मी शोभेचीच आहे, असली तर बरं, नसली तर काही अडत नाही.

पट्ट्याबद्दल मात्र जरा जास्त बोलायचंय, कारण लोक ग्रिपवर पैसे घालतात आणि पट्टा डब्यातलाच वापरतात. बॉडीला दोन्ही बाजूला त्या त्रिकोणी कड्या येतात, त्या खुळखुळतात, व्हिडिओत तो आवाज स्पष्ट येतो, आणि उजवी कडी नेमकी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यात टोचते. जाड ग्रिप लावल्यावर तर जास्तच, कारण हात वर सरकतो. मी पीक डिझाइनचे अँकर लावले, म्हणजे ती दोरीला लावलेली गोल चकती, पट्टा चकतीत अडकवायचा आणि हवा तेव्हा काढायचा. कंपनी एका अँकरला ९० किलो पेलतो म्हणते, आपल्या पाऊण किलोच्या संसाराला ते उगाचच झालं, पण खरा फायदा वेगळा आहे. ट्रायपॉडवर असताना पट्टा पूर्ण काढून ठेवता येतो, वाऱ्यात फडफडत नाही, आणि मनगटाचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा यांची अदलाबदल क्षणात होते. दोरीवर लक्ष मात्र ठेवा, वरचं काळं आवरण झिजून आतला वेगळा रंग दिसायला लागला की तो अँकर बाद, सरळ बदला, उद्या करू म्हणू नका. चकत्या लोंबत असतात आणि बॉडीवर आपटतात ही एक तक्रार आहे, ती आहेच.

मनगटाचा पट्टा छोट्या लेन्सबरोबर मस्त. पण तो वजन पेलत नाही, फक्त पडू देत नाही, हे लोक विसरतात. १८-५५ धरून सगळं मिळून ६९३ ग्रॅम होतं, ते दिवसभर मुठीत धरून फिरलं तर ग्रिप कितीही चांगली असली तरी मनगट बोलणारच. जड लेन्सला आडवा, एका खांद्यावरून घ्यायचा पट्टा, आणि तो सरकणारा हवा, खांद्याला चिकटून बसणारा नको. मुठीवरून जाणारा हँड स्ट्रॅप असतो ना, तो या बॉडीवर मला पटला नाही, बॉडी एवढी बुटकी की पट्टा हाताच्या मागे नीट ताणला जात नाही आणि तर्जनी डायलपर्यंत न्यायला झगडावं लागतं. मोठ्या डीएसएलआरवर ठीक होतं ते.

आयकपचं थोडक्यात. टी३० चा मूळ आयकप बारकासा आहे, चष्मा असेल तर बाजूने उजेड येतो. हॉट शूमधून सरकवायचे मोठे रबरी आयकप मिळतात, उन्हात फरक पडतो, आणि डोकं टेकल्यामुळे कॅमेऱ्याला तिसरा आधार मिळतो ते वेगळंच. पण परत शू अडकला, म्हणजे थंब रेस्ट किंवा आयकप, एकच काहीतरी निवडा.

आणि एक फुकटातली गोष्ट, खरं तर ही सगळ्यात आधी करायला हवी. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की नाक स्क्रीनला लागतं आणि फोकस पॉइंट कुठल्या कुठे जातो, तेव्हा टचस्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन व्ह्यूफाइंडर वापरताना स्क्रीनचा कुठला भाग चालावा ते निवडा किंवा सरळ ऑफ करा, फोकस पॉइंट हलवायला जॉयस्टिक आहेच. स्क्रीनवर बोट सरकवून चालणारी टी-एफएन फंक्शनं पण बंद करा, बॉडीवर चार दिशांचं बटण नाही म्हणून ती दिलीत हे मान्य, पण कॅमेरा पोटाशी लटकत असताना तीच आपोआप चालू होतात. हे दोन बदल केल्यावर निम्म्या लोकांना ग्रिपसुद्धा लागणार नाही असं माझं मत आहे.

जड लेन्ससाठी म्हणून ही सगळी खरेदी करत असाल तर अजून एक हिशोब करून बघा. १६-५५ एफ/२.८ ची नवी आवृत्ती २०२४ मध्ये आली, तिचं वजन ४१० ग्रॅम, जुनीपेक्षा २४५ ग्रॅमने कमी. एवढा फरक कुठलीही ग्रिप पाडू शकत नाही. महाग आहे हे मान्य, पण जुनी विकून थोडी भर घालायची तयारी असेल तर ग्रिप, थंब रेस्ट, बटण असं एकेक जमवत बसण्यापेक्षा मी तिकडे जाईन. ५५-२०० झूम लेन्स वापरणाऱ्यांना हा पर्याय नाही, ती ५८० ग्रॅमची आहे आणि तशीच राहणार, त्यांनी ग्रिप घ्या आणि डावा हात लेन्सच्या खाली ठेवा, बाजूने चिमटीत धरू नका.