अठरा महिने शिकल्यानंतर: क्राव मगा, बॉक्सिंग, जिउ-जित्सू आणि थोडा ज्युदो

मी ४१ वर्षांची आहे, वजन ५२ किलो, आणि दीड वर्षापूर्वीपर्यंत कुठलाही खेळ सलग महिनाभरसुद्धा खेळले नव्हते. एका रात्री जिन्यात एका माणसाने मागून माझा दंड धरला. बॅग गेली, बाकी काही झालं नाही. पण त्या पाच-सहा सेकंदांत ना माझा आवाज फुटला, ना हात हलला. बॅग गेल्याचं वाईट वाटणं आठवड्यात ओसरलं. आपण जागच्या जागी थिजलो, ही गोष्ट मात्र मनातून जाईना. म्हणून शिकायला लागले. आधी पाच महिने क्राव मगा (स्वसंरक्षणाची इस्रायली पद्धत), मग चार महिने बॉक्सिंग, आणि त्यानंतर नऊ महिने ब्राझिलियन जिउ-जित्सू (मुख्यतः जमिनीवर, पकडींनी झुंजण्याची कला). शेवटच्या चार महिन्यांत आठवड्यातून एक दिवस ज्युदोही जोडला. यातलं खरोखर अंगी काय लागलं आणि काय नुसतं शिकल्यासारखं वाटलं, ते लिहिते आहे.

सुरुवात क्राव मगाने केली, कारण स्वसंरक्षण म्हटलं की पहिलं नाव तेच पुढे येतं. पहिला महिना फार चांगला गेला. पहिल्याच दिवशी शिकवलं ते ओरडणं. ‘मागे हो!’ हे दोन शब्द पोटातून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचे. मला ते जमायला तीन वर्ग लागले. मग पॅडवर तळहाताच्या बुडाने मारणं, गुडघा मारणं, आणि मारल्यावर न थांबता दाराकडे पळणं. कधी आधी बैठका आणि धावण्याने पार दमवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि मग कुठूनतरी धक्का यायचा. घाबरल्यावर बोटांची नाजूक कौशल्यं जातात, नजर अरुंद होते, ऐकलेलं डोक्यात शिरत नाही. हे आधी वाचून माहीत होतं, पण स्वतःचे हात थरथरताना बघणं वेगळं. साध्या, ढोबळ हालचालींवर भर देणं ही क्राव मगाची बाजू मला आजही पटते.

अडचण तिसऱ्या महिन्यात कळली. मनगट सोडवण्याचा प्रकार मी शंभर वेळा तरी केला असेल. अंगठ्याच्या बाजूला वळवायचं, कोपर पुढे, झटका. जोडीदार हात धरून उभा राहायचा आणि दर वेळी हात सुटायचा. एकदा वर्गात एक नवा मुलगा आला. शाळेत असताना तो कुस्ती खेळलेला होता. त्याला क्रम माहीत नव्हता, त्यामुळे त्याने मनगट धरलं आणि थेट स्वतःकडे ओढलं. मी झटका देईपर्यंत माझा तोल गेला होता आणि त्याचा दुसरा हात माझ्या मानेमागे होता. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा हेच. प्रशिक्षक म्हणाले, ‘तो चुकीच्या पद्धतीने हल्ला करतोय.’ ते वाक्य मला खटकलं आणि अजूनही खटकतं. जिन्यातल्या माणसाला पद्धत कोण शिकवणार होतं?

सुरीचंही तसंच झालं. वर्गात रबरी सुरी एका सरळ रेषेत यायची आणि मी ती अडवून हात पिरगळायचे. एका मैत्रिणीला सोबत घेऊन मी वर्गाबाहेर एक प्रयोग केला. अंगात जुना पांढरा शर्ट, तिच्या हातात लाल मार्कर, वेळ अर्धा मिनिट. तिला एवढंच सांगितलं की हात मागे खेच आणि पुन्हा पुन्हा भोसक, थांबू नकोस. अर्ध्या मिनिटाने शर्टावर आणि हातांवर मिळून नऊ खुणा होत्या, त्यातल्या तीन पोटावर. १९८३ साली अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी दाखवून दिलं होतं की एकवीस फुटांवरचा सुरीवाला साधारण दीड सेकंदात अंगावर येतो, म्हणजे कमरेला पिस्तूल असलेल्या पोलिसालाही ते काढून झाडायला जेमतेम वेळ मिळतो. रिकाम्या हातांनी सुरी हिसकावण्याचा डाव चार वर्गांत शिकवून कुणालाही ‘आता तू तयार आहेस’ असं सांगणं मला धोक्याचं वाटतं. समोर सुरी दिसली की मी मागितलेली वस्तू लांब फेकून उलट्या दिशेला पळणार. पळताच आलं नाही तरच हात.

क्राव मगा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ते घडवणारे इमी लिख्टनफेल्ड स्वतः बॉक्सर आणि कुस्तीगीर होते. १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यांवर फॅसिस्ट टोळ्यांशी प्रत्यक्ष दोन हात करताना आखाड्यातलं काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्यांनी अनुभवलं. म्हणजे त्यांच्या साध्या डावांच्या मागे वर्षानुवर्षांची खरी झटापट होती. आज अनेक वर्गांत डाव तेवढे उरलेत, झटापट गळून गेली आहे. जिथे हेल्मेट, माउथगार्ड घालून मोकळं स्पॅरिंग, म्हणजे डाव आधी न ठरवता सरावाची लढत, होतं असे क्राव मगाचे वर्गही आहेत. माझा तसा नव्हता.

बॉक्सिंगला गेले ते याच कारणाने. तिथे दुसऱ्या आठवड्यात नाकावर पहिला ठोसा बसला. जोरात नव्हता, पण डोळ्यांत पाणी आलं आणि मी हात खाली सोडून उभी राहिले, अगदी जिन्यात राहिले होते तशी. प्रशिक्षिकेने फेरी थांबवली नाही. ‘हात वर, श्वास घे, बाजूला सरक,’ एवढंच म्हणत राहिली. चौथ्या महिन्यापर्यंत ठोसा बसला तरी पाय हलत होते. माझ्यासाठी संपूर्ण अठरा महिन्यांतला हा सर्वांत मोठा बदल आहे. अंतर समजायला लागलं. हाताच्या टप्प्यात कुणी आला आहे की अजून पाऊलभर बाहेर आहे, हे आता मला विचार न करता कळतं, अगदी लिफ्टमध्येसुद्धा.

मर्यादा दोन. बॉक्सिंगचे आजचे नियम १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांवर उभे आहेत, आणि ग्लोव्ह्ज तेव्हापासून त्यांचा भाग आहेत. उघड्या मुठीने कुणाच्या कवटीवर ठोसा मारला तर करंगळीमागचं हाड मोडण्याची चांगलीच शक्यता असते. त्या दुखापतीला बॉक्सर्स फ्रॅक्चर असं नावच आहे. म्हणून मी सराव ठोशाचा केला तरी प्रसंगासाठी तळहाताचं बूड डोक्यात ठेवलं आहे. दुसरी मर्यादा वजनाची. ऐंशी किलोचा माणूस दोन ठोसे खाऊन सरळ येऊन मिठी मारतो, आणि बॉक्सिंगमध्ये इथे पंच येऊन दोघांना सोडवतो.

त्या मिठीचं उत्तर मला जिउ-जित्सूने दिलं. पहिले दोन महिने नुसते दबण्यात गेले. छातीवर माणूस बसला की श्वास कोंडतो, हात आपोआप त्याला ढकलायला सरळ होतात, आणि नेमका तोच सरळ हात तो पकडतो. मग शिकवलं की हाताने ढकलायचं नाही, कोपरं अंगाशी घ्यायची, पूल करून, म्हणजे पाय रोवून कंबर वर उचलून, त्याचा तोल पुढे घालवायचा, कंबर बाजूला सरकवून गुडघा आत घालायचा. ही कंबर सरकवण्याची हालचाल मी रोज वॉर्मअपमध्ये मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करते. दिसायला काहीच नाही. पण आज माझ्याहून पंचवीस किलो जड नवशिक्या माझ्या अंगावर बसला तर बहुतेक वेळा मी खालून निसटते, आणि तो मला पूर्ण जोराने दाबत असतो.

या ‘पूर्ण जोराने’ शब्दावर मी अडून बसते, कारण सगळं तिथे आहे. १८८२ मध्ये जपानमध्ये जिगोरो कानो यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि जुन्या जुजुत्सूतले डोळे, नाक, बोटं मोडणारे घातक प्रकार मोकळ्या सरावातून बाजूला काढले. वरवर पाहता कला सौम्य झाली. पण त्यामुळेच त्यांचे विद्यार्थी रोज एकमेकांना खरोखर फेकू शकत होते. जो डाव पूर्ण ताकदीने विरोध करणाऱ्या माणसावर हजार वेळा लागला, तो घाबरलेल्या अवस्थेतही लागतो. याच ज्युदोची परंपरा मित्सुयो माएदांनी ब्राझीलला नेली, ती ग्रेसी कुटुंबात ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणून वाढली, आणि १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये यूएफसी या वेगवेगळ्या युद्धकलांच्या खेळाडूंना एकमेकांशी झुंजवणाऱ्या स्पर्धेच्या पहिल्या खेपेत रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना शरण आणलं. तिथेही अंगठा डोळ्यात घालायला आणि चावायला बंदी होती, हे खरं. पण डोळ्यात अंगठा घालायचा तरी आधी हात मोकळा असावा लागतो, आणि तो मोकळा कसा करायचा हे दबल्याशिवाय शिकता येत नाही.

जिउ-जित्सूची उणीव मला स्पष्ट दिसते. मॅटवर आम्ही खुशाल पाठीवर पडून खेळतो. रस्त्यावर फरशी असते, दगड असतात, त्याचा मित्र असतो. तो मित्र डोक्यात लाथ घालायला एका पावलावर असतो. माझ्या वर्गात उभ्याने सराव जवळपास नव्हता. म्हणून ज्युदो जोडला, की पकड घेतली गेली तरी उभं राहता यावं आणि पडलेच तर लगेच उठता यावं. गळा आवळण्याचे डाव मी शिकले आहे, पण स्वसंरक्षणात ते सर्वांत शेवटचे. मानेच्या दोन्ही रक्तवाहिन्या नीट दाबल्या की माणूस साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपतो, आणि त्यापुढे धरून ठेवलं तर जीव जाऊ शकतो. धोका टळल्यावर केलेला वार कायद्याच्या नजरेत संरक्षण राहत नाही, याचीही मनाशी खूणगाठ बांधली आहे.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात, कारण ते मी वापरलेले नाहीत, फक्त चाचणी वर्ग केले किंवा त्यातून आलेल्यांशी मॅटवर खेळले. मुय थाईमध्ये कोपर, गुडघा आणि मान धरून उभ्याने झुंजणं आहे. वेळ असता तर बॉक्सिंगऐवजी हेच घेतलं असतं. कराटेत शाळेशाळेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्योकुशिन शाखेचे लोक एकमेकांना खरोखर मारतात, काही ठिकाणी नुसता काता, म्हणजे एकट्याने करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम, चालतो. आयकिदोतून आलेल्या एका काकांचं पडणं इतकं सुंदर होतं की मी त्यांच्याकडूनच मागे पडायला शिकले. पण विरोध करणाऱ्या माणसावर त्यांची मनगटाची पकड टिकत नव्हती, आणि त्यांनी ते स्वतः मोकळेपणाने मान्य केलं.

आता प्रत्यक्षात काय वापरलं ते. सर्वांत जास्त उपयोगी पडलं ते पडणं. ओल्या पायऱ्यांवरून घसरले, हनुवटी छातीशी गेली, हात जमिनीवर आपटला, डोकं वाचलं. कोपराला खरचटलं तेवढंच.

आणि तेराव्या महिन्यात एक प्रसंग. रात्री एक माणूस बोलत बोलत जवळ येत होता. आधी वेळ विचारली, मग नाव, मग एक पाऊल आणखी. पूर्वी मी उत्तरं देत बसले असते. या वेळी दोन्ही तळहात छातीसमोर आले, एक पाय मागे गेला आणि आवाज निघाला: ‘तिथेच थांबा.’ तो थांबला. मी पाठ न दाखवता उजेडात, माणसांत गेले. एकही डाव लागला नाही. पण तो आवाज क्राव मगाचा होता, अंतर बॉक्सिंगचं, आणि पकडलं तरी आपण संपत नाही हा भरवसा जिउ-जित्सूचा.

ज्यांना अठरा महिने देता येणार नाहीत त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर अभ्यास केला. तो २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. फक्त बारा तासांचं प्रशिक्षण होतं. धोका ओळखणं, ओळखीच्या माणसालाही ठाम नकार देणं, आणि थोडा शारीरिक प्रतिकार. वर्षभरानंतर बलात्काराचं प्रमाण ज्यांना फक्त माहितीपत्रकं मिळाली त्यांच्यात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. आमच्या एकाही वर्गात ओळखीच्या माणसाबद्दल कुणी बोललं नाही. सगळे हल्लेखोर अनोळखी, अंधारातले. ज्याच्याशी उद्या पुन्हा बोलायचं आहे त्याचा हात खांद्यावरून काढायला सांगणं, याचा सराव कुठेतरी व्हायला हवा. मी तो मैत्रिणीसोबत करते, आणि मला तो स्पॅरिंगपेक्षा अवघड जातो.

किंमतही सांगायला हवी. एकदा बरगडी दुखावली, तीन आठवडे घरी. डाव्या हाताचं मधलं बोट अजून पूर्ण मिटत नाही. वर्ग निवडताना आधी एक पूर्ण वर्ग नुसता बसून बघा. सहा महिने झालेले विद्यार्थी कुणाशी मोकळं खेळतात का, हरतात का, टॅप केल्यावर, म्हणजे हार मानल्याची थाप दिल्यावर, समोरचा लगेच सोडतो का, हे बघा. प्रशिक्षकाला हे विचारलेलं आवडलं नाही तर परत फिरा.

तो कुस्तीवाला मुलगा नंतर आमच्या जिउ-जित्सूच्या वर्गात आला. सतराव्या महिन्यात मी त्याला म्हटलं, पुन्हा मनगट धर आणि तसंच ओढ. या वेळी मी हात सोडवायच्या भानगडीत पडलेच नाही. त्याच्या ओढीबरोबर आत शिरले, डोकं छातीला लावलं आणि दुसरा हात त्याच्या काखेखालून घातला. पाचपैकी दोनदा त्याने मला खाली घेतलं. तीनदा मी त्याच्या पाठीमागून निसटून दारापाशी पोहोचले होते.