पद्मिनीचं फ्लोअर: रेड ऑक्साइड की इपॉक्सी? आधी सोल्युशन ठरवा

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी असो की तिच्या आधीची फिएट ११०० डिलाइट, सीट आणि मॅट काढल्यावर बहुतेक गाड्यांत तेच दिसतं. पायांखाली काळं डांबरी पॅड, त्याच्या कडेने फुगलेला रंग आणि पॅड उचकटलं की तपकिरी पापुद्रे. या गाडीला वेगळी चासी नाही. फ्लोअरचा पत्रा, सिल (दाराखालची कड) आणि टनेल (मधला उंचवटा) यांच्यावरच बॉडी उभी असते, त्यामुळे इथला गंज नुसता कार्पेटखाली झाकून चालत नाही.

पहिला प्रश्न बहुतेकदा ‘प्रायमर (पत्र्यावरचा पहिला थर) कुठला?’ असा येतो. तो शेवटी विचारावा. कार्पेट नुसतं अंथरायचं असेल तर स्वस्तातला रंगही चालतो. ते सोल्युशनने (रबरी गोंदाने) पत्र्याला चिकटवायचं असेल, तर त्यातलं टोल्युइनसारखं द्रावक खालच्या रंगाला सोसलं पाहिजे, आणि तिथे अर्धे पर्याय आपोआप गळतात.

रेड ऑक्साइड

हा लाल प्रायमर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एकाच डब्यात येतो, ब्रशने लागतो, चूक झाली तर घासून पुन्हा लावता येतो. पण त्याचा थर सच्छिद्र असतो. वर इनॅमल न मारता सोडला तर हवेतली ओल त्यातून पत्र्यापर्यंत जाते आणि पहिल्याच पावसाळ्यात टिपके उमटतात. म्हणून तो नेहमी ‘रेड ऑक्साइड अधिक दोन हात सिंथेटिक इनॅमल’ असाच मोजायचा.

सोल्युशनशी मात्र या जोडीचं वैर आहे. इनॅमल वरून वाळल्यासारखा दिसतो, पण आतून कित्येक आठवडे मऊच असतो. सोल्युशन लागलं की तो सुरकुततो आणि कार्पेट रंगाला धरतं, पण रंग पत्र्याला धरत नाही. महिन्याभराने कार्पेट उचललं तर त्याच्या पाठीवर रंगाचा अख्खा पापुद्रा निघून येतो आणि दोष सोल्युशनला दिला जातो. फ्लोअरवर आधीच कुठलासा रंग असेल तर एक चाचणी करा. चिंधी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून एक मिनिट दाबून धरा. रंग चिंधीला आला किंवा नखाने खरवडला गेला, तर त्यावर काहीही चिकटवू नका.

रबर मॅट किंवा सुटं कार्पेट टाकायचं असेल, बजेट आखडतं असेल, तर रेड ऑक्साइड वाईट नाही.

दोन डब्यांचा इपॉक्सी

बेस आणि तो घट्ट करणारा हार्डनर. प्रमाण कंपनीगणिक बदलतं, ४:१, २:१, कुठे १:१ सुद्धा. डब्यावर लिहिलंय तेच, आणि मापाच्या भांड्याने. अंदाजाने ओतलेला हार्डनर कमी पडला तर थर कायम चिकट राहतो. आमचा कौल इपॉक्सीलाच आहे. तो ओल अडवतो, स्वच्छ घासलेल्या पत्र्याला घट्ट धरतो आणि पूर्ण पक्का झाल्यावर सोल्युशनला दाद देत नाही. उन्हात तो खडूसारखा भुकटी सोडतो ही त्याची मोठी उणीव, पण कार्पेटखाली ऊन पोचतंच कुठे?

किती लागेल? पायापासून मागच्या सीटपर्यंतचं फ्लोअर, टनेल आणि सिलची आतली बाजू धरून साधारण ३ ते ४ चौरस मीटर होतं. निम्मं आकारमान घन असलेला रंग १ लिटरमध्ये ५० मायक्रॉन जाडीने कागदावर १० चौरस मीटर भरतो. ब्रशने त्यातलं आठेक मीटर हाती येतं. म्हणजे दोन हातांना हार्डनर धरून १ लिटर पुरतो. चार लिटरचा डबा घेऊन उरलेला ठेवून देण्यात अर्थ नाही.

तयारी मात्र कडक हवी. डांबरी पॅड हीट गनने मऊ करून पट्टीने सोलायचं, उरलेलं डांबर रॉकेलने पुसायचं आणि रॉकेलचा अंश थिनरने दोनदा काढायचा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जायचं. ‘टण’ वाजला तर पत्रा शाबूत आहे, ‘भद’ वाजला तर त्याच जागी टोक दाबून बघा. टोक आरपार गेलं तर पुढचं काम रंगाऱ्याचं नाही, वेल्डरचं. सडका भाग कापून सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा तुकडा बसवायचा. फायबरचा थर देऊन भोक बुजवलं तर पत्रा आतून सडतच राहतो.

ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश गंज काढण्यापेक्षा त्याला चकाकी आणतो, आणि ती चकाकी भल्याभल्यांना फसवते. ८० नंबरची फ्लॅप डिस्क घ्या, खड्ड्यांत हाताने पेपर मारा. फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक वापरलं तर पाण्याने धुऊन, लगेच पुसून पूर्ण सुकवा. त्याचा क्षार राहिला तर इपॉक्सी तिथेच फुगतो. कोऱ्या पत्र्याला उघडा हात लावू नका आणि त्याच दिवशी पहिला हात मारा. मुंबईच्या हवेत रात्रभर ठेवलेल्या पत्र्यावर सकाळी केशरी झाक आलेली असते.

ओलाव्याने पक्का होणारा पॉलियुरेथेन

हा एका डब्यात येतो आणि हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. घट्ट बसलेल्या, खडबडीत गंजावर तो छान धरतो. गुळगुळीत नव्या पत्र्यावर मात्र सालीसारखा सुटतो. पुढचा थर तो किंचित चिकट असतानाच लावावा लागतो, नाहीतर काचेसारख्या पृष्ठभागावर काहीच टिकत नाही, मग घासत बसा. डब्याचं झाकण एकदा चिकटलं की पुन्हा निघत नाही, तेव्हा लहान डबाच घ्या. गंज खोल आणि पत्रा मात्र शाबूत, अशा मधल्या अवस्थेतल्या फ्लोअरसाठीच याचा विचार करावा.

वरचा रंग

कार्पेटखाली इपॉक्सीवर रंग हवाच असं नाही. दाराच्या चौकटीपाशी जिथे पत्रा उघडा दिसतो, तिथे बॉडीच्या शेडचा दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) मारावा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि गाडीच्या आत बसून त्याचा स्प्रे मारणं फुप्फुसांशी खेळ आहे. एवढ्या भागाला ब्रश पुरतो. सीटच्या बोल्टच्या आट्यांत जुने बोल्ट ग्रीस लावून फिरवून ठेवा आणि अर्थिंगच्या जागा टेपने झाका, नाहीतर रंगानंतर टेललाइट मंद का झाला ते शोधण्यात दिवस जाईल.

मग थांबा. पंचवीस-तीस अंशांत इपॉक्सी दुसऱ्या दिवशी हाताला सुका लागतो, पण पूर्ण पक्का व्हायला सात दिवस लागतात. त्यानंतर १८० नंबरच्या पेपरने घासून चमक घालवायची, मगच सोल्युशन.

कशाने चिकटवायचं

लाकडाचा पांढरा फेविकॉल नको. ओल लागली की तो पुन्हा दुधाळ होऊन सुटतो. कॅनमधला हलका स्प्रे सपाट भागात चालतो, पण उन्हात बंद उभ्या गाडीत त्याची पकड ढिली होते आणि टनेलच्या उतारावरचं कार्पेट खाली सरकतं. दुहेरी टेप फक्त कडांना ठीक. खरं काम निओप्रीनच्या रबरी सोल्युशनचं, जे सीटवाल्यांकडे डब्यात असतंच.

ते दोन्ही बाजूंना लावायचं, कार्पेटच्या पाठीला दोन हात, कारण कापड पहिला हात पिऊन टाकतं. दहा ते वीस मिनिटं थांबायचं. बोट टेकवून उचला. धागा ओढला गेला तर अजून थांबा. बोट नुसतं चिकटून सुटलं तर वेळ झाली. घाईने ओलं असतानाच दाबलं तर द्रावक आत अडकतं आणि फुगे येतात. भर पावसात हे काम करू नका. द्रावक उडताना थर थंड पडतो, त्यावर हवेतली ओल धरते, पांढुरकी साय येते आणि दोन्ही बाजू एकमेकींना धरतच नाहीत. ऑक्टोबर ते मेमधली कोरडी दुपार निवडा, बॅटरी काढा, सगळी दारं उघडा, आणि हीट गन व बिडी दोन्ही लांब ठेवा.

पण सगळं चिकटवायचं का?

नाही. इथे आमचं मत ठाम आहे. चिकटवायचं ते टनेल, पुढचा तिरका पत्रा आणि सिलच्या उभ्या बाजूंना. पाय ठेवायचा सपाट भाग सुटाच ठेवा, कडेला गोट मारून. अखंड चिकटवलेलं कार्पेट दिसतं देखणं, पण त्याच्याखाली शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट उरत नाही. कॉलम गिअरच्या (स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेल्या) गाडीत टनेलवर गिअरच्या दांड्याचं भोक नसल्याने तिथे एकच तुकडा बसतो: मधोमध चिकटवून दोन्ही बाजूंना हात फिरवत न्यायचं, मध्ये बटर पेपर घालून तो हळूहळू ओढत. न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन कार्पेट किंचित ऊब देऊन वळणावर ताणलं जातं (ऊब आधी द्या, सोल्युशनचा डबा उघडण्यापूर्वी). लूपचं कार्पेट ताणत नाही, ते कापून शिवावंच लागतं. एक लिटर सोल्युशन एवढ्याला पुरतं.

खाली नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड थर) घालण्याची जुनी पद्धत आवाजाला चांगली, पण नमदा पाणी स्पंजासारखा धरून ठेवतो. ५ मिलिमीटरचा बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा फोम घ्या आणि फ्लोअरच्या रबरी बुचांवर तो कापून मोकळा ठेवा.

कार्पेट बसवण्याआधी विंडस्क्रीनच्या रबरावर दहा मिनिटं पाण्याचा पाइप सोडा, आत टॉर्च घेऊन दुसऱ्याला बसवा. रबर गळत असेल तर आधी ते बदला. आणि पहिला जोराचा पाऊस झाल्यावर ड्रायव्हरच्या बाजूचा सुटा तुकडा उचलून खाली वर्तमानपत्राचा कागद सरकवा. सकाळी तो ओला निघाला तर पाणी अजून कुठूनतरी येतंय.